पुस्तकात शिडी आहे

सलूनवाल्याने माझी मान मागे टेकवली, वस्तरा गळ्याला लावला आणि अगदी सहज विचारलं, "शेवट बदललाय म्हणे तुम्ही?"

अशा वेळी काय उत्तर द्यावं हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. मान हलवून 'नाही' म्हणायची सोय नव्हती आणि 'हो' म्हणायची हिंमत नव्हती. मी छताकडे बघत "अं" असा एक आवाज काढला. त्याचा अर्थ त्याने हवा तो घ्यावा.

"बायकोने लग्नाआधी मला ते पुस्तक दिलं होतं," वस्तरा हनुवटीकडे सरकला. "म्हणाली, हे वाचून घाबरलास तर आपलं जमेल."

"मग?"

"मग काय. मी अजून जिन्याखालचा दिवा घालवत नाही. बिल जास्त येतं, पण संसार चांगला चाललाय." त्याने वस्तरा पुसला. "काय आहे ना, माझ्या हातून आजवर कुणाला कापलं नाही. पण माणूस आहे, मन लागत नसलं की हात हलतो. शेवट काय केलात?"

मी अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आलो.

पुस्तकाचं नाव 'तळाशी दिवा'. आमच्या गावात एखाद्याने ते वाचलेलं नसेल, तर तो अजून वाचायला शिकलेला नाही असं धरून चालतात. गोष्ट साधी आहे. एका घरात दोन बहिणी राहतात, थोरली आणि धाकटी. घराखाली तळघर आहे. धाकटी एकदा खाली जाते आणि वर येत नाही. थोरली तिला अख्ख्या पुस्तकभर सगळीकडे शोधते, फक्त खाली जात नाही. शेवटच्या पानावर ती तळघराचं झाकण उघडते, हातातला दिवा खाली धरते आणि दिवा विझतो. ती म्हणते, "धाकटे, दिवा गेला गं." खालून आवाज येतो, "ये ना." थोरली म्हणते, "आले गं," आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवते. संपलं. त्यानंतर एक कोरं पान आहे. लोक त्या पानालाही घाबरतात.

मी त्याचं नाटक केलं होतं. आमच्या हौशी मंडळींसाठी, गावातल्या एकुलत्या एका नाट्यगृहात, रविवारी दुपारी. पुस्तकातल्या दोन काकांचा मी एकच काका केला, कारण आमच्याकडे काकाच्या वयाचा माणूस एकच होता. मांजराचं घड्याळ केलं, कारण घड्याळ सांगितलेल्या जागी बसतं. त्यावरून ऑफिसात साहेबांनी माझी रजा मंजूर करता करता विचारलं, "आणि मांजर?" मी म्हटलं, "घड्याळ झालं, सर." त्यांनी सही केली, पण पेन असं काही टेकवलं की कागद फाटला.

हे सगळं लोक कदाचित पोटात घालतील. पण शेवटही मी बदलला होता. माझ्या नाटकात थोरली झाकण उघडते, दिवा विझतो, खालून "ये ना" ऐकू येतं आणि थोरली म्हणते, "नाही येणार." मग ती झाकण लावते आणि त्यावर बसते.

याला कलात्मक कारणं होती आणि ती मी लोकांना ऐकवायचो. खरं कारण असं की आत्याने ते पुस्तक मला आणि ताईला वाचून दाखवलं तेव्हा मी इतका लहान होतो की आठ दिवस एकट्याने बाथरूमला गेलो नाही. ताई माझ्यासोबत यायची आणि दाराबाहेर उभी राहून बडबड करायची. ती गप्प झाली की मी आतून ओरडायचो, "ताई, आहेस ना?" आणि ती म्हणायची, "आहे रे बाबा, उरक." तेव्हापासून माझं एकच मागणं होतं. थोरलीने खाली जाऊ नये. आता लेखणी माझ्या हातात होती, मग मी तिला जाऊ दिलं नाही. आणि थोरलीचं काम ताई करणार होती.

आत्याला हे पटलं नाही.

आत्या म्हणजे आमच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्या मंडळातला एकूण एक माणूस तिच्या हाताखालून गेलेला. निवृत्तीनंतर ती मंडळाची प्रॉम्प्टर झाली. विंगेत खुर्ची टाकून बसायची आणि नट अडला की वाक्य पुरवायची. आता विचार करा. एक तर प्रॉम्प्टर, त्यात मुख्याध्यापिका. तिचा शब्द नटांच्या पायाला आधी पोचायचा, मग डोक्याला. एका तालमीत ती विंगेतल्या लाइटवाल्यावर खेकसली, "बस खाली आणि गप्प ऐक!" स्टेजवर काका तावातावाने भांडत होता. तो बसला, गप्प झाला आणि ऐकू लागला. हा काका एरवी बँकेत मॅनेजर आहे.

"तू कोण रे टिकोजीराव?" आत्याने माझं हस्तलिखित टेबलावर ठेवलं होतं, पण आपटल्यासारखं. "तिने पाऊल ठेवलं आहे. छापलेलं आहे."

"पण आत्या, ती नाही गेली तरी चालतं ना. उलट माणूस विचार करतो, की..."

"ती नाही गेली तर ते पुस्तकच नाही, दारं-खिडक्यांची जाहिरात आहे. झाकण लावा, निर्धास्त राहा!"

ताई कोपऱ्यात चहा पीत होती. ती म्हणाली, "मला दोन्ही चालेल. पण बसायचं असेल तर ते झाकण पुसून घ्या आधी."

"तू बोलू नकोस. तुला तो म्हणेल ते चालतं. लहानपणी बाथरूमला सोबत जाऊन जाऊन लाडावून ठेवलंयस."

"आत्या!" मी म्हटलं. तिथे काका बसला होता. मॅनेजर माणूस, उद्या मला कर्ज लागलं तर.

शेवटी आत्याने तोडगा काढला. "मी प्रॉम्प्टर. तुझ्या कागदावर असेल ते सांगेन. पटत नाही म्हणून मी कधी कुणाला चुकीचं वाक्य दिलेलं नाही." हे खरं होतं. तिच्या बाजूने शेवटपर्यंत खरं होतं, हे मला आत्ताच सांगून ठेवायला हवं.

रविवारी सकाळी मी नाट्यगृहावर गेलो. स्टेजच्या मधोमध एक चौकोनी भोक आहे, वर बिजागरीचं झाकण. खाली उतरायला लाकडी शिडी असते. मी झाकण उघडलं. शिडी नव्हती. तिथे लोखंडी खुर्च्या होत्या. हॉलमधल्या मोडक्या, चार-चारच्या ओळीत जोडलेल्या, उलट्या टाकलेल्या. सगळ्यांचे पाय वर. अंगावर चालून आलेलं काहीतरी उताणं मरून पडावं आणि अजून पुरतं मेलेलं नसावं, तसं ते दिसत होतं.

"शिडी कुठाय?" मी सुताराला विचारलं.

"कुजली होती. काढली." तो खिळे तोंडात धरून बोलत होता. "तुमची बाई उतरतच नाही ना? गावभर तेच चाललंय. मग शिडी कशाला?"

"आणि या खुर्च्या?"

"त्यांना कुठेतरी ठेवायला नको?"

मी एक ओळ ओढून बघितली. ती दुसरीत अडकलेली, दुसरी तिसरीत. सगळं मिळून एकच जनावर होतं. खाली जमीन सिमेंटची. मी भोकाच्या कडेला उभा राहून खाली बघितलं. दोन पुरुष उंची तरी होती.

ताईला सांगायला हवं होतं. ती मेकअपरूममध्ये डोळे मिटून बसलेली. प्रयोगाआधी ती अशीच बसते, कुणाशी बोलत नाही. मी दारात उभा राहिलो आणि विचार केला. तिला उतरायचंच नाही, तर शिडी नाही हे सांगून घाबरवायचं कशाला? मी लिहून ठेवलंय ना. 'थोरली झाकण लावते व त्यावर बसते.' इतका विश्वास मी आयुष्यात कशावरच ठेवलेला नाही. तो नेमका स्वतःच्या लिखाणावर ठेवला.

दुपारी हॉल भरला. सलूनवाला सहकुटुंब पहिल्या रांगेत होता. माझ्या अर्ध्या दाढीकडे बघून तो हसला नाही. साहेब आले होते. कित्येकांच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं, पडताळून बघायला. परीक्षेच्या हॉलसारखं वाटत होतं, फक्त परीक्षा माझ्या एकट्याची आणि कॉपी करायची मुभा त्यांना.

"आत्या, शेवटी अंधार होणार आहे," मी विंगेत म्हटलं. तालमीत आम्ही कधी दिवे घालवले नव्हते, लाइटवाला पैसे ताशी घ्यायचा. "हा टॉर्च ठेव. कागद दिसणार नाही."

"टॉर्च काय करायचाय? पाठ आहे मला."

"नक्की?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेचा गणवेश घातलेला नाही हे मला जाणवलं. मी टॉर्च घेऊन खाली गेलो.

खाली, कारण धाकटीचं "ये ना" मीच म्हणणार होतो. स्टेजच्या मागच्या बुटक्या दारातून वाकून आत गेलं की भोकाखालची जागा येते. मी भिंतीला टेकून उकिडवा बसलो. समोर खुर्च्यांचे पाय, वर झाकण. डोक्यावर नाटक चाललं होतं आणि मला फक्त पावलं ऐकू येत होती. काकाची जड, ताईची हलकी. घड्याळाला हशा आला. हशा चांगला की वाईट हे खालून कळत नाही. धूळ गळत होती. आपण पुस्तकातल्या त्या जागी बसलो आहोत, जिच्यामुळे आपण लहानपणी बाथरूमला जात नव्हतो, हे माझ्या लक्षात आलं. इथे खरंच दुसरं कुणी असेल तर, असा विचार आला. मी टॉर्च लावून बघितलं. कुणी नव्हतं. मग टॉर्च बंद केला आणि पुन्हा तोच विचार आला.

शेवटचा प्रवेश लागला. ताईची पावलं भोकाजवळ येऊन थांबली. बिजागरी करकरली. झाकण उघडलं आणि वर दिव्याच्या पिवळ्या उजेडात ताईचा चेहरा दिसला, उलटा. ती खाली बघत होती. तिला खुर्च्या दिसल्या का? नाही. दिवा तिच्याच डोळ्यांपुढे होता.

दिवा विझला. सगळीकडे काळोख झाला.

इथे माझ्या कागदावर थोरलीचं वाक्य होतं, "कोण आहे खाली?" ताई थांबली. अंधारात ती गोंधळली असावी. मग विंगेतून आत्याची कुजबुज आली, नीट, स्वच्छ, शुद्ध उच्चारात.

"धाकटे, दिवा गेला गं."

हे माझ्या नाटकात नव्हतं.

"धाकटे, दिवा गेला गं," ताई म्हणाली.

आत्याला कागद दिसत नव्हता. पाठ होतं तिला, तीसएक वर्षं वर्गावर्गांत वाचलेलं पाठ होतं. माझं नाटक तिने दोन महिने ऐकलं होतं, तेही नाइलाजाने. अंधारात तिच्या जिभेवर जे आलं ते पुस्तक होतं. पुस्तकात पुढे काय येतं हे मला विचारायची गरज नव्हती. "ये ना." मग "आले गं." मग पाऊल.

पण "ये ना" माझ्या हातात होतं. मी ते म्हटलंच नाही तर ताई पुढे जाणारच नाही. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. टॉर्च हातातून सुटला, खुर्च्यांमध्ये टणटण आपटत गेला आणि कुठेतरी अडकला. मी श्वाससुद्धा घेतला नाही. वर शांतता. शांतता लांबली. आता आत्याच्या लक्षात येईल. आता लाइटवाला दिवे लावेल. आता.

आणि मग अख्ख्या हॉलने ते वाक्य म्हटलं.

मोठ्याने नाही. कुणी ठरवूनही नाही. नट वाक्य विसरलाय आणि आपल्याला ते येतंय, एवढ्याच चांगुलपणाने शेकडो माणसं काळोखात एकदम कुजबुजली.

"ये ना."

तो आवाज फळ्यांमधून झिरपत खाली आला, चहूकडून आला, माझ्या मागच्या भिंतीतूनही आल्यासारखा वाटला. एवढा मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो, आणि मी अगदी मन लावून घाबरणारा माणूस आहे.

"आले गं," आत्याची कुजबुज.

"आले गं," ताई म्हणाली.

हॉलच्या दारावर एक लाल दिवा असतो, बाहेर जायचा रस्ता दाखवणारा. त्याचा कसाबसा उजेड भोकाच्या कडेवर पडत होता. त्या उजेडात मला ताईच्या पायाचा तळवा दिसला. तो पुढे आला, भोकावर तरंगला आणि पायरी शोधत खाली येऊ लागला.

"येऊ नकोस!" मी ओरडलो. म्हणजे ओरडायचा प्रयत्न केला. निघाला तो बाथरूममधल्या मुलाचा आवाज, चिरका, फाटलेला. "ताई, येऊ नकोस! शिडी नाही! खाली शिडी नाही!"

वर कुणीतरी किंचाळलं. मग पुष्कळ लोक किंचाळले. पाऊल दचकलं, पण थांबलं नाही. थांबणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं, अंगाचा भार पुढे आला होता. मला गुडघा दिसला. साडीचा काठ दिसला. मी हात वर केले, जणू मी तिला झेलणार होतो, मधे एवढ्या खुर्च्या असताना.

आणि विंगेतून आवाज आला. कुजबुज नाही. प्रार्थनेच्या मैदानावर शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या मुलाच्या हाडापर्यंत जायचा तो.

"जागच्या जागी!"

सगळं थांबलं. किंचाळणारे अर्ध्यात थांबले. काका म्हणे विंगेत पाणी पीत होता, तो पेला तोंडाशी धरून थांबला, पाणी छातीवर सांडत राहिलं. पहिल्या रांगेत साहेब ताठ उभे राहिले, हात मांडीला चिकटवून. मीही हात वर करून थांबलो.

आणि ताईचं पाऊल हवेत थांबलं. कसं, ते ताईलाही सांगता येत नाही. अंग पुढे चाललेलं, पण पाय आत्याचा विद्यार्थी होता. एवढ्या वेळात तिचं अंग मागे झुकलं आणि ती धपकन मागे पडली. पडता पडता तिचा हात झाकणाला लागला. झाकण धाडकन मिटलं. मला धूळ, काळोख आणि स्वतःचा श्वास एवढंच उरलं.

नंतर कळलं ते असं. ताईला उभं राहता येईना, म्हणून ती सरपटत झाकणावर जाऊन बसली. त्याच क्षणी लाइटवाल्याला सुचलं आणि त्याने दिवे लावले. लोकांना दिसलं ते हे. झाकण लावलेलं आहे आणि त्यावर थोरली बसली आहे, तोंडावर हात धरून. माझ्या कागदावर होतं तसं, शब्दाला शब्द.

टाळ्या बराच वेळ वाजल्याच नाहीत. मग वाजल्या आणि थांबेनात.

मी बुटक्या दारातून बाहेर आलो तेव्हा सलूनवाला समोरच उभा होता. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. हात गार पडले होते त्याचे. "शेवट बदललाय म्हणून कोण बोंबलत होतं हो? जसाच्या तसा तर आहे!"

"जसाच्या तसा?"

"ते 'शिडी नाही' ऐकलं आणि अंगावर काटा आला. पुस्तकात पण मला तिथेच येतो."

"पुस्तकात असं काही..." मी म्हणायला गेलो. पण त्याच्या हाताला वस्तऱ्याची सवय आहे. "होय," मी म्हटलं. "तिथेच."

साहेब जाता जाता म्हणाले, "मांजर हवं होतं. बाकी लेखकाशी इमान राखलंस."

मेकअपरूममध्ये ताई आरशासमोर बसली होती, अर्धा चेहरा पुसलेला. आत्या भिंतीजवळ खुर्चीवर. माझं हस्तलिखित आत्याच्या मांडीवर होतं, योग्य पानावर उघडलेलं.

"चुकीचं आहे हे मला कळत होतं," ताई आरशाला म्हणाली. "डोक्याला कळत होतं. पण आत्या सांगतेय म्हटल्यावर..." तिने माझ्याकडे वळून माझ्या डोक्यात एक टपली मारली, जोरात. "आणि तू? शिडी नाही हे तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तू घाबरली असतीस."

"घाबरले असते! मूर्खा, घाबरले असते तर घरी बसले असते!" मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. ते थांबवायला तिने पुन्हा एक टपली मारली.

"पुढच्या रविवारी," नाक पुसत ती म्हणाली, "खालून 'येऊ नकोस'च म्हण. तसंच ठेवू. मला ते आवडलं, धाकटीने असं म्हटलेलं."

मी आत्याकडे बघितलं. आता ती म्हणणार, पुस्तकात नाही ते.

"पुस्तकात नाही ते," आत्या म्हणाली. पण तिचा आवाज कुणाच्याच पायाला पोचला नाही. तो तिच्याच मांडीवर पडला.

"पुस्तकात शिडी आहे, आत्या," ताई म्हणाली. वाईट वाटेल असं नाही, नुसतं सांगितलं.

आत्याने हस्तलिखित मिटलं. तिने ते पर्समध्ये ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. "इतकी वर्षं मी ते वर्गात वाचलं," ती म्हणाली. "मुलं घाबरायची. मला गंमत वाटायची. मला कधी काहीच झालं नाही रे. थोरलीला मी वरून बघत होते. आज पाऊल दिसलं." तिने पर्स बंद केली. "आमच्या पोरीचं."

मी आणि ताईने एकमेकांकडे बघितलं.

बाहेर हॉल रिकामा झाला होता. सुतार खाली काहीतरी ओढत होता, लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. आत्या उठली, पदर सारखा केला आणि दारापर्यंत गेली. बाथरूम पॅसेजच्या टोकाला आहे. पॅसेजचा दिवा कुणीतरी घालवला होता. आत्या उंबऱ्यावर थांबली. एक पाय उचलला आणि होता तिथेच ठेवला.

मागे न बघता तिने हात मागे केला, रस्ता ओलांडताना लहान मुलं मोठ्यांसाठी करतात तसा.

"ये ना," आत्या म्हणाली.

मी गेलो. सरळ पॅसेज होता, सपाट फरशी, वर्षानुवर्षांच्या ओळखीची. तरी दोघंही पाय चाचपत गेलो. ती आत गेली, मी दाराबाहेर उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बडबडत राहिलो. मांजराबद्दल, घड्याळाबद्दल, काकाच्या ओल्या शर्टाबद्दल. मधे श्वास घ्यायला थांबलो तर आतून लगेच आवाज आला.

"आहेस ना रे?"

"आहे गं बाई," मी म्हटलं. "उरक."